हाक मारायची नाही

माझी आई बंगळूरला आली ती डोळ्यांसाठी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. आधी उजवा करू, तो बरा झाला की डावा, असं डॉक्टर म्हणाले, आणि उजव्याची पट्टी सुटते न सुटते तोच सगळा देश बंद झाला. मग ती जे. पी. नगरातल्या माझ्या दोन खोल्यांत एका डोळ्याने लख्ख आणि दुसऱ्याने धुरकट बघत अडकून पडली. "ह्यो डोळो बंगळूरचो आणि ह्यो गावचो," असं ती म्हणायची. गावच्या डोळ्याने तिला धड काही दिसत नव्हतं, पण तिच्या सगळ्या तक्रारी बंगळूरच्या डोळ्याला जे दिसे त्याबद्दलच असायच्या. बर्फातले मासे, पिशवीतलं दूध, आणि दिवसभर लॅपटॉपशी बोलणारी मी.

गाव म्हणजे आमचं बेट. सिंधुदुर्गातल्या एका खाडीच्या मधोमध, माडांनी भरलेलं. पूल नाही. दर निवडणुकीला पुलासाठी मापं घेतली जातात आणि मापं घेणाऱ्यांना शहाळी पाजून परत पाठवलं जातं. बेटावर जायचं ते तरीने. तर म्हणजे माणसं पार करणारी होडी, आणि ती वल्हवण्याचा मान कैक पिढ्या आमच्या घराकडे आहे. माझे बाबा तारी होते. वय झालं, दम्याने छाती पोखरली, तरी त्यांनी वल्हं दुसऱ्याच्या हातात दिलं नाही.

या मानाबरोबर एक बंधन येतं, आणि ते सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. पलीकडच्या काठावर उभं राहून कोणी हाक मारली, की तारीने "इलंऽय", म्हणजे आलो, असं ओरडून उत्तर द्यायचं आणि होडी सोडायची. हाक कोणाची, हे विचारायचं नाही. वैऱ्याची असली तरी जायचं, भरलं ताट समोर असलं तरी जायचं. आमच्या कुठल्याशा पूर्वजाने एकदा कंटाळून हाकेकडे कानाडोळा केला. हाक मारणारा बिचारा पोहत यायला निघाला, तो परत कोणाला दिसला नाही. तेव्हापासून आमच्या घराने देवीला शब्द दिलेला आहे. लहानपणी मला हे सगळं फार थोर वाटायचं. पुढे बाबा भरल्या ताटावरून उठायचे आणि आई तोंडातल्या तोंडात पुटपुटत ताट झाकून ठेवायची, ते बघून बघून त्या थोरपणाचा मला कंटाळा आला.

तो नवा विषाणू आधी विमानाने आला, मग रेल्वेने, मग बसने. आता तो होडीने येणार, अशी बेटावर सगळ्यांची खात्री झाली. भीती काही खोटी नव्हती. बेटावर उरली होती ती बहुतेक म्हातारी माणसं. दवाखाना नाही. आरोग्य सेविका यायची ती आठवड्यातून एकदा, तीही भरती-ओहोटी बघून. एका घरात ताप शिरला तर तो सगळं बेट फिरल्याशिवाय बाहेर पडणार नाही, हे कळायला कोणाला टीव्ही बघायची गरज नव्हती. आणि बेटाची तरुण मुलं होती मुंबईत, गोव्यात, थोडी इकडे बंगळुरात, म्हणजे नेमकी जिथे आजार होता तिथे. एरवी ज्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसायचं, त्यांच्याच येण्याची धास्ती वाटायला लागली. माझी चुलती फोनवर आपल्या मुलाला "ये" म्हणत नव्हती आणि "येऊ नको" असंही तिच्या तोंडून निघत नव्हतं. ती नुसती रडायची.

मग देवळात बैठक बसली. चुलतभावाने फोन चालू ठेवून ती आम्हाला ऐकवली. आईने स्वयंपाकघरातलं पाण्याचा फिल्टरसुद्धा बंद केला, आवाज नको म्हणून. होडीला साखळी लावा, कुलूप लावा, किल्ली देवीपुढे ठेवा, असं तरुणांपैकी कोणीतरी म्हणत होतं. बाबांनी सगळ्यांचं होऊ दिलं आणि शेवटी म्हणाले, "बांधतंय मी होडी. पण हाक इली तर सोडतलंय."

कोणी वाद घातला नाही. इथे बंगळुरात बसून मला वाद घालावासा वाटत होता, तिथे कोणालाच वाटला नाही. हाकेला नाही म्हणता येत नाही, हे त्यांना समुद्राचं पाणी खारट असतं इतकं उघड होतं. दुसऱ्या कुठल्याही गावाने सरळ कुलूप लावलं असतं. आमच्या लोकांनी खूप वेळ विचार केला आणि तोडगा काढला की हाकच मारायची नाही. बेटाबाहेर असलेल्या प्रत्येक बेटकराने, असेल तिथे नारळावर हात ठेवून देवीला शब्द द्यायचा, की सगळं निवळेपर्यंत मी काठावर उभा राहून हाक मारणार नाही. म्हणजे तारीचाही शब्द राहिला आणि बेटही राहिलं. सगळ्यांना ते पटलं.

नारळ मी कोपऱ्यावरच्या दुकानातून आणला, खडूने काढलेल्या गोलात उभी राहून. आईने तो कानाशी हलवला, नाक मुरडलं आणि फोनवर विचारलं, "हयलो नारळ देवीक चलात मां?" पलीकडे थोडी चर्चा झाली आणि चालेल असं ठरलं. मग तिने नारळावर हात ठेवला, माझाही हात ओढून वर ठेवला आणि म्हणाली, "मी हाक मारूचंय नाय." तो नारळ सगळं निवळल्यावरच फोडायचा होता. तोपर्यंत त्याला माझ्या घरात मायक्रोवेव्हच्या डोक्यावर जागा मिळाली.

इकडे आमची वेगळीच तऱ्हा. आमचे घरमालक खाली राहतात. तेही मराठीच, पण त्यांच्या घराण्याला बंगळुरात येऊन इतक्या पिढ्या झाल्यात की त्यांचं मराठी ऐकून आईला आधी ते चेष्टा करतायत असं वाटलं होतं. एक दिवस त्यांनी मला जिन्यात गाठलं. "अक्का, तुमच्या आईला स्वल्प दिवस गच्चीवर पाठवू नका. बसमधनं आल्यात नव्हं त्या? लोक बोलायलेत. सरी?" आई आली तेव्हा आजार इथे यायचा होता, हे मी त्यांना सांगितलं. "सरी, सरी," म्हणजे बरं, बरं, म्हणत त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि वर जाऊन गच्चीच्या दाराला कडी घातली. तिकडे आम्ही बंगळूरवाले म्हणून नको आणि इकडे कोकणातून आलेले म्हणून नको. मी चिडून आईला हे सांगितलं, तर तिने मालकांचीच बाजू घेतली.

"बरोबर आसा तेंचा," ती म्हणाली. "तेंनी निदान कडी तरी घातल्यानी."

त्या दिवसांतलं मला सगळ्यात जास्त काय आठवत असेल तर थकवा. एचएसआर लेआउटमधलं माझं ऑफिस उठून घरात आलं होतं आणि घरातली कामवाली बाई घरी गेली होती. सकाळी मिठाच्या पाण्यात भाज्या बुडवायच्या, डोशाच्या पिठाची पिशवी साबणाने धुवायची, मग कानात यंत्र घालून संध्याकाळपर्यंत हिंदीत आणि इंग्रजीत लोकांना समजावत बसायचं. मधेच भांडी. मधेच आईच्या डोळ्यांत थेंब. दिवस संपेपर्यंत मला माझ्या आवाजाचा वीट आलेला असायचा. आणि मग बाबांचा फोन यायचा.

बेटावर रेंज फक्त देवळात आणि तरीच्या धक्क्यावर. बाबा संध्याकाळी धक्क्यावर येऊन फोन करायचे. दोघांचं बोलणं ठरलेलं.

"काढो घेतलात?"

"घेतलंय."

"खोटा बोलतास."

त्यानंतर आई हाताने मला गप्प बसायची खूण करायची आणि फोन कानाला दाबून नुसती ऐकत राहायची. बाबांचे शब्द तिला ऐकायचे नसायचे, ती त्यांचा श्वास ऐकायची. आज शिट्टी वाजते, आज बरं आहे, आज वल्हं जास्त मारलेलं दिसतं. फोन ठेवल्यावर ती मला हे हवामानासारखं सांगायची. पावसाळ्यात त्यांचा दमा उसळायचा. पाठीशी कोणीतरी बसून पाठ चोळावी लागायची, आणि तिथे आईशिवाय दुसरं माणूस त्यांनी कधीच चालवून घेतलं नाही. दुसऱ्या कोणाला ते सांगणारच नाहीत. त्यामुळे आईचं एकच होतं, मिरगाच्या आत घरी पोचायचं. डावा डोळा गेला खड्ड्यात, पण मिरगाच्या आत.

मे महिन्यात प्रवासाचे पास मिळायला लागले. मी दिवस दिवस फोन लावून एक मिळवला. यशवंतपूरचा एक ड्रायव्हर महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत न्यायला तयार झाला, पुढची सोय चुलतभाऊ करणार होता. आईने बॅग भरली. बाबांचा दम्याचा फवारा, गरम बंडी, मऊ चपला, आणि त्यांना एकदा आवडलेली इथली कॉफी. तिचा बेत अगदी सरळ होता. ती शब्द मोडणार नव्हती. "हाक मी मारूचंय नाय," ती बाबांना फोनवर म्हणाली. "काठार मांगरात रवान. निवळला काय येयन." मांगर म्हणजे काठावरची जाळी ठेवायची झोपडी.

बाबा म्हणाले, "तू थंय येवन बसलंस, ती पण हाकच गो. माका दिसात ना. मग मी कसो येवचंय नाय?"

आईने फोन दुसऱ्या कानाला धरला.

"लोकांनी आपली पोरां थांबवल्यानी," बाबा म्हणाले. "नको येव."

तिने फोन माझ्या हातात दिला. बॅग उघडून एकेक वस्तू बाहेर काढली आणि रिकामी बॅग पलंगाखाली सरकवली. मी ड्रायव्हरला नको म्हणून कळवलं. मला दोघांचाही संताप आला होता. अख्ख्या देशात लोक जमेल तसे नियम वाकवून आपापल्या घरी पोचत होते, आणि माझ्या घरातली दोन म्हातारी माणसं एका नारळाला धरून बसली होती. मी आईला तसं म्हणालेसुद्धा. तिने मायक्रोवेव्हवरचा नारळ पदराने पुसला आणि पीठ मळायला घेतलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी बाबांचा फोन भलत्याच वेळी आला, दुपारी. माझी मीटिंग चालू होती. आईने फोन घेतला आणि तिचा चेहरा बघून मी कानातलं यंत्र काढून ठेवलं.

झालं होतं ते असं. गोव्यातल्या कुठल्याशा हॉटेलात कामाला असलेला एक माणूस, हॉटेल बंद पडल्यावर चालत आपल्या गावी निघाला होता. त्याचं गाव आमच्या खाडीच्या पलीकडे. रस्त्याने वळसा घालून जायचं तर पोलिसांचे अडथळे, म्हणून तो आमच्या काठावर उतरला, समोर होडी बांधलेली बघितली आणि त्याने हाक मारली. बाबा पेज जेवत होते. त्यांनी वाटी खाली ठेवली, "इलंऽय" म्हणून उत्तर दिलं आणि होडी सोडली.

त्यांनी त्याला बेटावर आणलं नाही. भरतीच्या उलट, बेटाला पूर्ण वळसा घालून, ते त्याला त्याच्या गावच्या काठावर सोडून आले. एरवी हे काम दोन तरण्या माणसांचं. येतानाही ते बेटावर उतरले नाहीत. होडी रस्त्याच्या काठाला बांधली आणि मांगरात जाऊन बसले. फोन तिथूनच करत होते. आपण आता काही दिवस इथेच राहणार, जेवण पुतण्या बेटाच्या धक्क्यावर ठेवेल, ते होडीतूनच उचलून आणता येईल, काळजीचं कारण नाही.

"खोकत होतो तो?" आईने विचारलं.

"थोडो."

"तोंडार कपडो?"

"होतो. मगे काढल्यान. चलान चलान दमलो होतो बिचारो."

आईने फोन ठेवला. ती खिडकीजवळ गेली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "परक्यान हाक मारल्यान तर ह्ये गेले. मी घरची, म्हणान मी गप."

तेव्हा आमची चूक माझ्या नीट लक्षात आली. सगळ्या बेटाने आपापल्या माणसांची तोंडं बंद केली होती. मुंबईच्या मुलाने शब्द दिला, गोव्याच्या जावयाने दिला, आईने दिला. परका माणूस येऊन हाक मारेल, हे एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही, कारण निवडणूक सोडली तर आमच्या काठावर परकं असं कोणी येतच नाही. आणि त्या माणसालाही दोष कसा देणार? त्याला नारळ माहीत नव्हता. त्याला होडी दिसली आणि घरी जायचं होतं.

ताप आल्याचं बाबांनी लपवलं. पण शिट्टी त्यांना लपवता येईना. एका संध्याकाळी ते नेहमीसारखं "घेतलंय" म्हणाले आणि आईने फोन मला देऊन सांगितलं, पुतण्याला लाव, लांबून बघून ये म्हणावं. दुसऱ्या दिवशी त्यांना गाडीने जिल्ह्याच्या इस्पितळात नेलं. मी पुन्हा पास काढला, पुन्हा तोच ड्रायव्हर ठरवला. आता हद्दीवर तपासणीचा रिपोर्ट लागत होता. आम्ही दोघींनी नाकात काडी घालून घेतली आणि रिपोर्टची वाट बघत बसलो. आई सकाळी उठून नेसून तयार व्हायची आणि बॅग शेजारी घेऊन खुर्चीवर बसायची. जेवण तिथेच, झोपही तिथेच.

आजाराचं बोलायचं तर बेटावर त्या वर्षी कोणाला काहीही झालं नाही. लोक अजून आमच्या घराचं नाव आदराने काढतात. मला त्याचा अभिमान वाटतो, आणि तितकाच राग येतो. सगळं निवळल्यावर ज्याने त्याने आपला नारळ देवीपुढे फोडला. आमचा नारळ आम्ही बंगळूरहून नेला तो आईने फोडला नाही. होडीतून जाता जाता तिने तो खाडीत सोडून दिला.

बाबा गेले त्या दिवशी आम्ही रिपोर्टची वाट बघत जे. पी. नगरातच होतो. दुपारी इस्पितळातल्या सिस्टरचा फोन आला. आवाजावरून लहान मुलगी वाटली, आमच्याच बाजूची. म्हणाली, आजोबा डोळे उघडत नाहीत, पण ऐकू जात असेल. मी त्यांच्या कानाशी फोन धरते, आजींना बोलू द्या.

आईला खोलीत बोलवेना. ती फोन घेऊन जिना चढायला लागली आणि मी तिच्या मागे. गच्चीची कडी तिने स्वतःच काढली. खालून मालक काय झालं ते बघायला आले, अर्ध्या जिन्यात थांबले आणि आमच्याकडे बघून खाली गेले. वर ऊन रणरणत होतं. पाण्याच्या टाकीच्या सावलीत आई उभी राहिली.

"आई, हाक मार," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे बघितलं.

"हाक मार त्यांना. जन्मभर ते हाकेला उठत आलेत. वैऱ्याच्या हाकेला उठलेत. तुझ्या हाकेला उठणार नाहीत का? नारळाचं मी बघते." गळ्यात ओळखपत्र अडकवून ऑफिसला जाणारी मी, पण त्या घटकेला माझा त्यावर पूर्ण विश्वास होता. मारली हाक तर बाबा येणार.

आईने श्वास भरून घेतला. तो श्वास माझ्या ओळखीचा होता. बाजारातून परत आलो की काठावर टोपली खाली ठेवून ती असाच श्वास भरून घ्यायची आणि मग तिची हाक खाडी ओलांडून पार आमच्या अंगणात पोचायची. मी वाट बघत राहिले. तिने तो श्वास तसाच सोडून दिला.

"नको," ती म्हणाली. "हाक ऐकल्यानी तर तेंका उठूचा लागतला. दमलेत ते."

मग तिने फोन तोंडाजवळ नेला आणि अगदी हळू, रोज संध्याकाळी बोलायची त्याहूनही हळू म्हणाली, "अहो, मी आसंय. काठार कोण नाय आता. होडी बांधा आणि निजा."